बुडालेली गावे आणि मराठी कादंबरी

मराठी साहित्यविश्वातील अलीकडच्या दोन वार्ता वाचकांच्या स्मरणात असतील. २०२३ या वर्षाचा साहित्य अकादमी पुरस्कार कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीस मिळाला. आणि जानेवारी २०२६ मध्ये सातारा येथे भरलेल्या ९९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विश्वास पाटील यांच्याकडे आले. वृत्तपत्रांनी या दोन्ही वार्तांचे यथोचित स्वागत केले. पुरस्काराच्या वेळी पुरस्काराविषयी लिहिले गेले आणि संमेलनाच्या वेळी संमेलनाविषयी. परंतु या दोन वार्ता एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांतून एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. 'रिंगाण' ही धरणामुळे उठविल्या गेलेल्या माणसाची कथा आहे. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही १९९१ साली प्रसिद्ध झालेली व १९९२ साली साहित्य अकादमीने गौरविलेली कादंबरीही धरणग्रस्तांचीच कथा आहे. तीन दशकांच्या अंतराने एकाच दुःखावरील दोन कादंबऱ्यांना देशातील एकच मोठा सन्मान मिळावा, ही साहित्याच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट खरी. पण समाजाच्या दृष्टीने ती तितकीच आनंदाची आहे काय? दुःख जुने झाले असते, तर दुसरी कादंबरी लिहावी लागली नसती.

हा प्रश्न पोफळीत बसून वाचणाऱ्याला जरा अधिक टोचतो. पोफळी म्हणजे सुपारीचे झाड. कोकणातील कुठल्याही आगरात दिसणारे. परंतु चिपळूण तालुक्यातील या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते सुपारीमुळे नव्हे, तर विजेमुळे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोयनेचे पाणी अडविले; शिवाजीसागर नावाचा सुमारे १०५ अब्ज घनफूट पाण्याचा जलाशय झाला; आणि ते पाणी बोगद्यांतून चारशे मीटरहून अधिक खाली कोसळवून पोफळी येथे डोंगराच्या पोटातील वीजगृहात जनित्रे फिरू लागली. साठच्या दशकाच्या आरंभी हे घडले. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता ६०० मेगावॅट. पुढे अलोरे येथील तिसरा टप्पा आणि १९९९ साली जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून साकारलेला चौथा टप्पा मिळून संपूर्ण कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा झाला. वीज निर्माण करून बाहेर पडणाऱ्या पाण्याला आमच्याकडे 'अवजल' म्हणतात. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास मान्यता दिलेले ६७.५ अब्ज घनफूट पाणी हे असे अवजल होऊन वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. घाटाच्या खाली दिवा लागला. घाटाच्या वर शंभराच्या आसपास गावे उठली. कुंभार्ली घाटाच्या या दोन टोकांमधील अंतर मोटारीने फारसे नाही. मनाने मात्र ते अंतर आपण क्वचितच ओलांडले आहे. ते ओलांडण्याचे साधन म्हणून मी या कादंबऱ्यांकडे पाहतो, आणि त्यांचे मोजमापही त्याच दृष्टीने करू इच्छितो.

प्रथम 'झाडाझडती'. विश्वास पाटील यांचे नाव सामान्य वाचकाला 'पानिपत'मुळे परिचित झाले. परंतु माझ्या मते त्यांचे अधिक मोलाचे पुस्तक हेच. लेखक स्वतः महसूल प्रशासनात अधिकारी होते. त्यामुळे भूसंपादन, मोबदला, लाभक्षेत्रातील जमिनीचे वाटप, दाखले, खेटे, मध्यस्थ, पुढारी आणि कारकून यांचे जे जाळे धरणग्रस्ताभोवती विणले जाते, त्याचा एकेक धागा त्यांना ठाऊक आहे. धरणाखाली जाणारे जांभळी हे गाव आणि त्या गावासाठी झटणारे खैरमोडे गुरुजी यांच्याद्वारे त्यांनी हे जाळे उलगडून दाखविले. गावावर पाणी चढते तो प्रसंग एकदाच घडतो. पण माणूस बुडतो तो पुढची कित्येक वर्षे, कचेरीच्या पायऱ्यांवर, हे या कादंबरीने मराठी वाचकाला प्रथम ठसठशीतपणे सांगितले. शीर्षकही अर्थपूर्ण आहे. झाडाझडती म्हणजे कसून घेतलेली तपासणी. वरकरणी ती धरणग्रस्तांची होते. वास्तविक लेखक ती घेतो आपली, म्हणजे वीज वापरणाऱ्यांची, ऊस पिकविणाऱ्यांची आणि फायलींवर सह्या करणाऱ्यांची. पापनिवेदनापूर्वी आपण जी विवेकबुद्धीची तपासणी करतो, तिचेच हे सामाजिक रूप म्हणता येईल.

तथापि गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. 'झाडाझडती'चा विस्तार मोठा आहे आणि त्या विस्तारात प्रसंगांची गर्दी होते. अन्यायामागून अन्याय अशी रांग लागली की वाचकाची संवेदना तीव्र होण्याऐवजी काही वेळा बधिर होते. काही पात्रे माणसे म्हणून उभी राहण्यापेक्षा बाजू म्हणून उभी राहतात. दुष्टाचा दुष्टपणा लगेच कळतो. प्रत्यक्षात पुनर्वसनाच्या कामात सर्वांत मोठी हानी दुष्ट माणसे करतात असे नाही. 'माझ्या टेबलावर हे येत नाही' असे नम्रपणे सांगणारी सभ्य माणसेही ती करतात. या सभ्य माणसाचे चित्र कादंबरीत अधिक खोल उमटले असते, तर आपल्यापैकी अनेकांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला असता. हा दोष असूनही कादंबरी टिकली. २०१४ साली कीर्ती रामचंद्र यांच्या अनुवादातून ती इंग्रजी वाचकांपर्यंतही पोहोचली. टिकण्याचे कारण तिची माहिती खरी आहे आणि राग प्रामाणिक आहे.

'रिंगाण' अगदी वेगळ्या वाटेने जाते. पन्हाळा परिसरात वाढलेले व शिक्षकी पेशात असलेले कृष्णात खोत यांनी 'गावठाण', 'रौंदाळा', 'झड-झिंबड', 'धूळमाती' या कादंबऱ्यांतून आपल्या भागातील गावजीवन लिहिले. 'रिंगाण'मध्ये त्यांनी आपला पट मुद्दाम लहान केला आहे. विस्थापित झालेला एक माणूस, उठून जाताना मागे राहिलेली त्याची म्हैस आणि तिला परत आणण्यासाठी त्याने जुन्या, ओसाड मुलखात केलेला प्रवास, एवढेच सूत्र. पण मधल्या काळात म्हैस रानटी झाली आहे. तिला धनी उरलेला नाही. माणसाला वाटते, आपण आपले जनावर न्यायला आलो. जनावराच्या लेखी तो परका आहे, कदाचित शत्रूच. ज्या मातीत तो वाढला, त्या मातीनेही त्याला अनोळखी ठरविले आहे. विस्थापनाचा इतका नेमका अर्थ मी मराठीत दुसरीकडे वाचलेला नाही. घर गेले, शेत गेले, याची भरपाई कागदावर मांडता येते; परंतु 'हे माझे' म्हणण्याचा अधिकारच दोन्हीकडून नष्ट झाला, तर त्याचा मोबदला कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

खोत यांच्या बोलीविषयी काही वाचकांची तक्रार आहे. कोकणातील वा वसईकडील वाचकाला कोल्हापूरकडील ही भाषा प्रारंभी अडते, हे खरे. पाने उलटण्याची घाई असलेल्याने हे पुस्तक हाती घेऊ नये. परंतु ती बोली सजावटीसाठी आलेली नाही. झाडे, वाटा, ओढे, जनावरांच्या हालचाली यांना त्या माणसाच्या तोंडी जी नावे आहेत, ती नावे हाच त्याचा उरलेला सातबारा आहे. प्रमाण मराठीत ही कादंबरी लिहिली असती तर तो पुन्हा एकदा विस्थापित झाला असता. माझी खरी तक्रार वेगळी आहे. माणूस आणि म्हैस यांच्या झुंजीवर लेखकाची दृष्टी इतकी खिळते की त्या माणसाला तेथून उठविणारी सत्ता अंधुक होते. नियतीने हे घडविले असा भास वाचकाला होऊ लागतो. वस्तुतः धरण नियतीने बांधलेले नसते. त्याचा आराखडा असतो, मंजुरी असते, तारीख असते. शिवाय मधल्या भागात त्याच त्या भावावस्थेची आवर्तने होतात. रिंगण म्हणजे वर्तुळ हे खरे; पण कादंबरीने थोडे कमी फेरे घेतले असते, तर तिचा परिणाम उणावला नसता.

दोन्ही कादंबऱ्या जोडीने वाचाव्यात, असे मी म्हणतो ते यामुळेच. 'झाडाझडती' विचारते, हे कोणी केले? 'रिंगाण' विचारते, ज्याच्यावर हे आले तो आतून कोण झाला? पहिल्या प्रश्नावाचून दुसरा प्रश्न नुसते हळहळणे होईल. दुसऱ्या प्रश्नावाचून पहिला नुसती घोषणा होईल. दोहोंपैकी अधिक चांगली कलाकृती कोणती, असे विचारल्यास मी 'रिंगाण' म्हणेन. अधिक आवश्यक पुस्तक कोणते, असे विचारल्यास मात्र अजूनही 'झाडाझडती'कडेच बोट दाखवीन. कारण पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन कोयनेचे धरणग्रस्त आपल्या काळातही आंदोलनाला बसलेले आपण पाहिले आहेत.

बायबल वाचणाऱ्या कुटुंबांना या प्रसंगी नाबोथाची गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ती आली आहे. अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. आपण राजाला जुलमी म्हणून मोकळे होतो. पण त्याचा पहिला प्रस्ताव नीट पाहावा. तो याहून चांगला मळा देऊ करतो, किंवा रोख किंमत. आजच्या भाषेत पर्यायी जमीन किंवा मोबदला. नाबोथ नाकारतो, कारण तो वाडवडिलांचा वारसा आहे. त्याची अदलाबदल होऊ शकत नाही. मग राणी ईजबेल पत्रे लिहिते, त्यांवर राजाची मुद्रा उमटवते, खोटे साक्षीदार उभे करते आणि सारे काही रीतसर पार पडते. राजा स्वतः हात लावीत नाही. एलिया संदेष्ट्याचा दोषारोप मात्र राजावरच येतो, कारण मळ्याचा उपभोग घ्यावयास तो खाली उतरलेला असतो. उपभोग घेणाराही उत्तरदायी आहे, हा या अध्यायाचा आशय. मराठी धरण-कादंबरीला जे सांगावयाचे आहे, त्याचा गाभा या एकाच अध्यायात आहे. पोफळीत दिवा लावणाऱ्याने आणि मुंबईत पंख्याखाली बसणाऱ्याने तो सारख्याच नम्रतेने वाचावा.

येथे एक उणीव नमूद करावीशी वाटते. मुळशीच्या १९२१ सालच्या सत्याग्रहाचा इतिहास मराठीत आहे; सेनापती बापटांबरोबर त्या लढ्यात असलेल्या विनायकराव भुस्कुटे यांनी तो लिहिला आणि पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्याचा अभ्यासपूर्ण ग्रंथ केला. बुडालेल्या गावाच्या बाजूने कादंबऱ्या आल्या. परंतु वीजगृहाच्या बाजूने लिहिलेले, या दोन कादंबऱ्यांशेजारी ठेवता येईल असे पुस्तक माझ्या वाचनात नाही. डोंगराच्या पोटात, दिवस की रात्र हे न कळणाऱ्या जागी पाळ्या केलेले कामगार, बोगदे खोदणारे मजूर, गावोगावांहून येऊन वसाहतीत राहिलेली कुटुंबे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपाने हादरलेली माणसे, हे सारे विश्व मराठी कथात्म साहित्याला जवळजवळ अपरिचित आहे. ही माणसे खलनायक नव्हेत. त्यांनी घाम गाळून महाराष्ट्र उजळला. त्यांच्या उजेडाखाली दुसऱ्याचा अंधार होता, ही त्यांची शोकांतिका आहे. आणि शोकांतिकेइतका कादंबरीला योग्य विषय दुसरा कोणता?

आणखी एक चित्र गोव्याकडचे. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले कुर्डी हे गाव ख्यातनाम गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरले की त्या गावाचे अवशेष उघडे पडतात. मे महिन्यात तेथले जुने रहिवासी परत येतात. हिंदू कुटुंबे आपल्या देवळापाशी जमतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलापाशी सण साजरा करतात. काही दिवसांनी पाऊस येतो आणि गाव पुन्हा पाण्याखाली जाते. या गावावर 'रिमेम्बरिंग कुर्डी' नावाचा माहितीपट २०१६ साली निघाला. मराठी-कोंकणी सीमेवरील एखाद्या ख्रिस्ती लेखकाला हा विषय खुणावीत असेल, अशी आशा आहे. एकाच मातीशी दोन धर्मांची माणसे एकाच ओढीने बांधलेली असतात, हे तेथे व्याख्यानावाचून दिसते.

'हा विषय आपला नव्हे' असे ज्यांना वाटत असेल, त्यांना आणखी एका वार्तेची आठवण करून देतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर भाषेच्या प्राचीनत्वाविषयी पुष्कळ भाषणे झाली. आपल्या लोकांनी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा अभिमानाने उल्लेख केला, तो सर्वथा उचितच होता. परंतु हा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा पोहोचला, हे सांगणारे थोडे. १६१६, १६४९ व १६५४ अशा त्याच्या तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, आणि त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांतून. कर, दुष्काळ, इन्क्विझिशनचा जाच आणि युद्धे यांमुळे गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर जे नेले, त्यात हे पुराणही होते. तेथे ते घरोघर वाचले गेले, नकलून काढले गेले. आणि अशा हस्तलिखितांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची छापील आवृत्ती काढली. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा मूळ ग्रंथ आपल्या हाती आला तो विस्थापितांच्या गाठोड्यातून! उठविल्या गेलेल्या माणसाशी आपले नाते असे चार शतकांचे आहे. धरणग्रस्ताची कादंबरी आपण परक्याची म्हणून वाचूच शकत नाही.

आपल्याच काळात हे नाते ओळखलेला लेखक होता तो फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. १९८३ पासून २००७ पर्यंत 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराचे मानकरी, २०२० साली उस्मानाबाद येथील ९३ व्या संमेलनाचे अध्यक्ष, ही त्यांची ओळख सर्वश्रुत आहे. मला त्यांचे वेगळेपण जाणवते ते असे की, शब्द आणि जमीन यांची त्यांनी कधी फारकत केली नाही. हरित वसईच्या लढ्यात पाणी, विहिरी आणि वाड्या वाचविण्यासाठी उभा राहणारा धर्मगुरू आणि पवित्र शास्त्र सुबोध मराठीत आणणारा लेखक, ही दोन माणसे नव्हती. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले; वसईत तो त्यापूर्वी कितीतरी वर्षे ऐकला जात होता. दिब्रिटोंच्या पश्चात आपल्या लेखनात भक्तिपर स्फुटे, प्रवासवर्णने आणि आठवणी विपुल आहेत. जमीन, पाणी व स्थलांतर यांवर दमदार कथात्म लेखन मात्र विरळ आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी साध्या, खऱ्या बोलण्याचे सामर्थ्य आपल्याला दाखविले, त्यालाही नव्वद वर्षे होत आली. तो वारसा फक्त आठवणींपुरता ठेवणे बरे नव्हे.

संमेलने ठराव करतात आणि पुरस्कार प्रसिद्धी देतात. दोहोंची गरज आहे. परंतु ज्या सातारा जिल्ह्यातील कोयनेचे खोरे पाण्याखाली गेले, त्याच जिल्ह्यात 'झाडाझडती'चा लेखक अध्यक्ष झाला, हा योग केवळ हारतुऱ्यांत संपू नये. चिपळूणला २०१३ साली ८६ वे संमेलन ज्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या पुढाकाराने भरले, त्याच्या ग्रंथांनाही २०२१ च्या जुलैतील महापुराची झळ बसली. पुस्तकेही पाण्यात जातात, हे आम्हांला ठाऊक आहे. ती पुन्हा वाळवून, बांधून, कपाटात लावणारी माणसे असली म्हणजे वाचनालय उभे राहते. आठवणींचेही तसेच आहे. कोयना खोऱ्यातील गावे प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता अगदी उतारवयाला पोहोचली आहे. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशी ती विखुरली गेली. त्यांतील कोणी आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतही राहत असेल. आपल्या तरुण मंडळांनी त्यांच्यापाशी बसून गावाचे नाव, ओढ्याचे नाव, शेताचे नाव, मोडलेल्या घराची दिशा एवढे जरी वहीत उतरवून घेतले, तरी पुढच्या कादंबरीकाराला ते पुरेसे होईल. आणि ज्यांच्याकडून तेही होणार नाही, त्यांनी निदान ही दोन पुस्तके धर्मग्रामाच्या ग्रंथालयात मागवावीत, आळीपाळीने घरी न्यावीत व कुटुंबात मोठ्याने वाचावीत. रात्री वाचताना दिवा लागेलच. त्या दिव्याखाली वाचण्यास याहून योग्य पुस्तके सध्या तरी मला माहीत नाहीत.